जमेची बाजू

शाळेच्या खजिनदारपदाला मी नकोच म्हणत होतो. पण आमच्या चर्चमध्ये आकडेमोड जमणारी माणसं कमी आणि 'नाही' म्हणता येणारी जास्त, त्यामुळे ते लोढणं फिरत फिरत माझ्या गळ्यात आलं. "दोनच वर्षं सांभाळा," पाळकसाहेब म्हणाले होते. त्याला आता अकरा वर्षं झाली. शाळा चालवायची की बंद करायची, या विषयावरच्या किती सभांना बसलो ते मोजलेलं नाही. प्रत्येक सभा प्रार्थनेनं सुरू झाली आणि छपराच्या गळतीवर संपली, एवढं मात्र आठवतं.

शाळा लहान आहे. नववी ते बारावी, प्रत्येक वर्गाची एकच तुकडी. मुख्याध्यापिकाबाईंना सगळ्या मुलांची नावं पाठ असतात. कुणाच्या घरी आजारपण आहे, कुणाचे वडील कामासाठी लांब गेलेत, हेही ठाऊक असतं. पालकांना आम्ही हेच अभिमानानं सांगतो आणि ते खरंही आहे. या ओळखीला खर्च किती येतो, तेवढं माहितीपत्रकात छापत नाही.

बाहेरच्या माणसाला वाटतं, शाळा लहान म्हणजे खर्चही लहान. प्राथमिक शाळेत ते थोडंफार जमतं. एकच बाई गणित शिकवतात, भाषा शिकवतात, गोष्ट सांगतात आणि पडलेल्या मुलाच्या गुडघ्याला औषधही लावतात. हायस्कूलमध्ये मुलं वीस असोत की साठ, भौतिकशास्त्राला एक माणूस लागतो, रसायनाला दुसरा, इतिहासाला तिसरा. मुलं कमी आहेत म्हणून सूक्ष्मदर्शक स्वस्तात मिळत नाही. आता वर्गातून तीन मुलं गेली असं धरा. खर्चातून काय कमी झालं? प्रश्नपत्रिकांचे थोडे कागद. दिवे तेवढेच जळतात, सर तेवढाच वेळ बोलतात, छप्पर तेवढंच गळतं. जाते ती फी, आणि ती मात्र पुरती जाते.

हे मी सभेत फळ्यावर लिहून दाखवत असे. समजा खर्च १०० आणि मुलं १००, म्हणजे मुलामागे १. दहा मुलं गेली तर खर्च फार तर ९८ वर येतो, जमा ९०. ती तूट उरलेल्या नव्वदांवर वाटली तर फी जवळजवळ ९ टक्क्यांनी वाढवावी लागते. फी वाढली की आणखी चार घरं विचारात पडतात. मी खडू खाली ठेवला की सभेत एक प्रकारची शांतता पसरायची आणि मग कुणीतरी हमखास म्हणायचं, "आपण सवलत देऊ या की."

सवलतीचा युक्तिवाद ऐकायला बिनतोड असतो. बाक रिकामाच राहणार आहे, मग अर्ध्या फीवर का होईना, मूल आलं तर शाळेचा फायदाच. एका बाकापुरतं हे खरं आहे. पण आमच्या सवलतींच्या रजिस्टरमध्ये भावंडांची सवलत होती, पाळकांच्या मुलांची होती, शिक्षकांच्या मुलांची, चर्चच्या सभासदांची, लवकर फी भरणाऱ्यांची, आणि सगळ्यांत लांबलचक यादी होती ती 'विशेष बाब' या रकान्याखाली. एका वर्षी बेरीज करायला बसलो, तर पूर्ण फी भरणारी घरं निम्म्याहून कमी निघाली. माहितीपत्रकातली फी हे आमच्याकडचं ललित साहित्य होतं म्हणा ना.

त्यातही गंमत अशी, की सोडून जाणारी मुलं फीमुळे जात नव्हती. दाखला न्यायला येणाऱ्या पालकांशी मी मुद्दाम बोलायला लागलो तेव्हा हे कळलं. अर्जावर सगळे 'आर्थिक कारण' लिहितात, कारण ते सभ्य कारण आहे, त्यावर कुणी वाद घालत नाही. खोदून विचारलं की मुलाचा जिवलग मित्र गेला म्हणून हाही निघाला, असं निघायचं. लहान शाळेत एक मूल एकटं जात नाही, दोन-तीन घेऊन जातं. अकरावीतल्या एका मुलीच्या वडिलांनी मात्र दाखल्याची घडी खिशात घालता घालता सरळ सांगितलं, "दोन वर्षांत फिजिक्सचे तीन शिक्षक झाले हो. प्रत्येक जण पहिल्या धड्यापासून सुरू करतो. माझी मुलगी गती आणि वेग तीनदा शिकली आणि प्रकाश एकदाही नाही."

ख्रिस्ती शाळेतल्या मुलीला प्रकाश शिकायला मिळाला नाही, यावर मी तेव्हा हसलो होतो. घरी आल्यावर हसू गेलं.

तिसऱ्या शिक्षकांच्या आधी ज्या बाई होत्या, त्यांचा राजीनामा माझ्या फाइलमध्ये अजून आहे. प्रयोगवहीचं पान फाडून लिहिलेला, एका बाजूला आलेखाचे चौकोन. मजकूर चार ओळींचा. 'देवाने मला दुसऱ्या सेवेसाठी बोलावले आहे असे वाटते' ही त्यातली मुख्य ओळ. सभेत तो वाचला तेव्हा सगळ्यांनी माना डोलावल्या, पाळकसाहेबांनी त्यांच्यासाठी प्रार्थना केली, आणि बोलावणंच आलंय म्हटल्यावर कुणी पगाराचा विषय काढण्याचा प्रश्नच नव्हता. शेवटचा हिशेब द्यायला मी गेलो तेव्हा बाई म्हणाल्या, "सर, देवानं बोलावलं हे खरंच आहे. पण तो घरमालकाच्या आवाजात बोलला."

मी हिशेबाचा माणूस आहे, मला वाक्यं पाठ राहत नाहीत. हे राहिलं.

त्यानंतर मी जरा वाचायला लागलो. आपल्याआधी ज्यांनी ख्रिस्ती शाळा काढल्या त्यांनी पैशाचं काय केलं, एवढंच मला बघायचं होतं. आणि पहिलाच माणूस भेटला तो फ्रान्समधल्या रॅंस शहरातला जॉं बाप्तिस्त द ला साल. १६८० च्या सुमाराचा. घरचा श्रीमंत, कॅथीड्रलमध्ये मानाचं आणि उत्पन्नाचं पद. गरिबांच्या मुलांसाठी फुकट शाळा आणि त्यांत शिकवणारे कमी शिकलेले, कमी पगाराचे मास्तर, यांच्याशी त्याचा संबंध जवळजवळ अपघातानं आला. मग त्यानं मास्तरांना स्वतःच्या घरी राहायला आणलं. नातेवाईक खवळले. तो मास्तरांना देवाच्या भरवशाबद्दल सांगायचा, उद्याची चिंता करू नका म्हणायचा. तेव्हा मास्तरांनी त्याला सुनावलं, की तुम्हाला बोलायला सोपं आहे, तुमच्याकडे पद आहे, इस्टेट आहे. उद्या शाळा बुडाली तर तुम्ही तरून जाल, रस्त्यावर येऊ ते आम्ही.

इथपर्यंत वाचल्यावर मी पुस्तक मिटून ठेवलं. तीनशेहून जास्त वर्षांपूर्वीच्या त्या मास्तरांनी आमच्या समितीकडे बघूनच बोलल्यासारखं वाटलं. आमच्या समितीत कुणाचंही घर शाळेच्या पगारावर चालत नाही. आम्ही सगळे बाहेर कमावतो आणि महिन्यातून एकदा इथं येऊन शिक्षकांना त्याग समजावतो.

ला सालला ते बोलणं झोंबलं. १६८३ मध्ये त्यानं पद सोडलं. इस्टेटीचं काय करायचं, हा प्रश्न होता. ती शाळांच्या नावे कायमची ठेव म्हणून ठेवता आली असती. कुठल्याही खजिनदारानं हाच सल्ला दिला असता, मीसुद्धा. पण लवकरच दुष्काळ पडला आणि त्यानं सगळी संपत्ती भुकेल्यांना भाकरी वाटण्यात संपवली. आता तो आणि मास्तर एका पातळीवर आले, आणि भरवशाबद्दल बोलायचा अधिकार त्याला मिळाला. १९५० मध्ये पोपनं त्याला जगभरच्या शिक्षकांचा आश्रयदाता संत ठरवलं. हिशेबनीस म्हणून मला तो व्यवहार आजही पटत नाही. पण त्यानंतर मला समितीत त्याग हा शब्द उच्चारता आला नाही, हेही तितकंच खरं.

जेझुइटांची, म्हणजे त्या नावाच्या कॅथलिक संघातल्या धर्मगुरूंची, तऱ्हा निराळी. १५४८ मध्ये सिसिलीतल्या मेसिना इथं त्यांनी बाहेरच्या मुलांसाठी पहिली शाळा काढली. शिक्षण फुकट द्यायचं हा त्यांचा दंडक होता. फुकट म्हणजे खर्च नाही असं नव्हे, हे त्यांना पक्कं माहीत होतं, म्हणून एखाद्या राजानं, सरदारानं किंवा शहरानं कायमची ठेव दिली तरच शाळा काढायची, हा त्यांचा रिवाज. काही शाळा अपुऱ्या ठेवीवर काढल्या गेल्या आणि त्या पुढे त्यांना जड गेल्या. बुरूज बांधायला निघालेल्या माणसानं आधी बसून खर्चाचा हिशेब करावा, हा येशूचा दाखला इतका सरळ आहे, तरी आपण सगळे आधी पाया खणतो आणि मग बसतो. १७७३ मध्ये पोपनं त्यांचा संघच विसर्जित केला, जुन्या ठेवी गेल्या. १८१४ मध्ये संघ पुन्हा उभा राहिला तेव्हा ठेव देणारे राजे उरले नव्हते. शेवटी १८३३ मध्ये त्यांना फी घ्यायला पोपची परवानगी मिळाली. ज्या फीवरून आमच्या सभेत भांडणं होतात, ती घ्यायला एका संघाला सुमारे तीनशे वर्षं जावी लागली.

मला सगळ्यांत आवडतो तो मात्र जर्मनीतल्या हाले गावचा ऑगुस्ट हेर्मान फ्रांके. १६९५ मध्ये त्याच्या घरातल्या दानपेटीत कुणीतरी चार टालर आणि सोळा ग्रोशन (ही तिथली त्या काळची नाणी) टाकले. एवढ्या रकमेत काहीतरी भरीव करायलाच हवं, असं म्हणून त्यानं गरीब मुलांची शाळा सुरू केली. १७२७ मध्ये तो वारला तेव्हा त्याच्या संस्थांत दोन हजारांहून जास्त मुलं शिकत होती. प्रवचनांत ही गोष्ट इथंच संपते, देवाचा चमत्कार म्हणून. पुढचं कुणी सांगत नाही, की फ्रांकेनं औषधशाळा काढली, छापखाना आणि पुस्तकविक्री चालवली, औषधं लांब लांब पाठवली आणि त्या नफ्यावर शाळेचा मोठा भार टाकला. चमत्काराच्या मागे एक चोख चोपडी होती. (जाता जाता: तंजावरच्या सरफोजी राजांना ज्यानं शिकवलं तो श्वार्ट्‌झ याच हालेमध्ये तयार झालेला. म्हणजे त्या दानपेटीचं थोडं व्याज मराठी घराण्यापर्यंतही पोचलं म्हणायचं.)

हे सगळं वाचून मी समितीत औषधाचं दुकान काढायचा प्रस्ताव मांडला नाही. पण एक गोष्ट डोक्यात बसली. ख्रिस्ती शाळेत मुलाच्या फीत आणि खर्चात नेहमीच अंतर असतं. ते अंतर कुणीतरी भरतं. जेझुइटांकडे राजे भरत, फ्रांकेकडे औषधं. अमेरिकेत ते नन्सनी भरलं. १८८४ मध्ये बॉल्टिमोरला तिथल्या कॅथलिक बिशपांची परिषद झाली, प्रत्येक पॅरिशमध्ये, म्हणजे एकेका चर्चच्या हद्दीत, दोन वर्षांत शाळा हवी असं ठरलं, आणि त्या शाळा उभ्या राहिल्या त्या जेमतेम निर्वाहापुरतं घेऊन शिकवणाऱ्या हजारो नन्सच्या खांद्यावर. १९६० च्या दशकाच्या मध्याला त्या देशातल्या कॅथलिक शाळांत पन्नास लाखांहून जास्त मुलं होती. मग व्रत घेणाऱ्या मुली कमी झाल्या. आज तिथल्या शिक्षकांत व्रतस्थांचं प्रमाण शेकडा पाचाच्याही खाली आहे आणि मुलं सतरा लाखांच्या आसपास. कारणं बरीच आहेत, वस्त्या हलल्या, घरातली मुलं कमी झाली. पण नन्स गेल्यावर पगार खरे झाले, पगारामागे फी खरी झाली, आणि इतकी वर्षं शाळा कुणाच्या जिवावर चालली होती ते लोकांना तेव्हा दिसलं.

आमच्याकडे राजे नाहीत, नन्सही नाहीत. मग आमचं अंतर कोण भरतं?

देणगीदार भरतात, असं मी अनेक वर्षं समजत होतो. देणगीदार असतात, भले असतात, त्यांच्याविषयी वाकडं बोलणार नाही. पण त्यांचा जीव सभागृहात अडकतो, प्रवेशद्वारात अडकतो, फार तर संगणक कक्षात. त्यात चूक काय म्हणा. वडिलांच्या नावाची पाटी भिंतीवर लावता येते, पगारावर लावता येत नाही. एका वर्षी आम्हाला झकास वाचनालय मिळालं आणि त्याच वर्षी ग्रंथपालांचं पद परवडत नाही म्हणून रद्द केलं. किल्ली माझ्याकडे होती काही दिवस.

सरकारी मदतीचा रस्ता प्रत्येक देशात वेगळा आणि त्याच्या अटीही वेगळ्या. नेदरलंड्समध्ये १९१७ पासून धार्मिक शाळांना सरकारी शाळांच्या बरोबरीनं पैसा मिळतो, तर इतर बऱ्याच ठिकाणी छदाम मिळत नाही. ऑस्ट्रेलियातल्या गोलबर्न गावची १९६२ ची हकीकत मात्र मी सभेत दोनदा सांगितली आहे. तिथल्या एका कॅथलिक शाळेला आरोग्य खात्यानं जादा शौचकूप बांधायला सांगितले. फक्त तीन. पैसे नव्हते. तेव्हा गावातल्या कॅथलिक शाळा एकजात बंद केल्या गेल्या आणि सुमारे दोन हजार मुलं सरकारी शाळांच्या दारात प्रवेश मागायला उभी राहिली. जागा होती साडेसहाशेच्या आत. आठवड्याभरात मुलं परत आली, पण या शाळा सरकारचा केवढा भार उचलतात ते देशाला कळलं, आणि पुढच्या एक-दोन वर्षांत खासगी शाळांच्या विज्ञान प्रयोगशाळांना केंद्राचा पैसा मिळू लागला. शौचकूप तीन आणि धोरण बदललं. पहिल्यांदा सांगितलं तेव्हा समितीतले सगळे हसले. दुसऱ्यांदा एकानं विचारलं, "आपली शाळा बंद झाली तर सरकारी शाळेच्या दारात किती मुलं उभी राहतील?" मी आकडा सांगितला. त्या दारावर काही फार गर्दी झाली नसती.

शिकागोत १९९६ मध्ये जेझुइटांनीच क्रिस्तो रे नावाचं हायस्कूल काढलं, तिथली युक्ती मला मनापासून आवडते. चार मुलं मिळून कचेरीतली एक नोकरी करतात, प्रत्येक जण महिन्यातून पाच दिवस, आणि त्या पगारातून फीचा मोठा भाग सुटतो. आमच्या समितीला ती सांगितली तर एक ज्येष्ठ सभासद म्हणाले, "मुलांना नोकऱ्या देणारी कचेरी आधी आणा." बरोबर होतं त्यांचं. मोठ्या शहराचं औषध प्रत्येक प्रकृतीला चालत नाही.

मधल्या काळात आणखी एक वाद वरचेवर व्हायचा: शाळा ख्रिस्ती घरांतल्या मुलांसाठी की सर्वांसाठी? जगात दोन्ही प्रकारच्या शाळा आहेत. काही ठिकाणी आईवडिलांपैकी एक तरी चर्चचा सभासद लागतो, काही ठिकाणी दार सताड उघडं. मी दुसऱ्या बाजूचा. पण माझ्या बाजूची एक लबाडी मला ठाऊक आहे. पट घसरला की आम्हाला सर्वांवर प्रेम करावंसं वाटतं, पट भरला की शाळेची ओळख जपावीशी वाटते. हा निर्णय पट भरलेल्या वर्षी घ्यावा, असं मी सुचवलं. तसं वर्ष अजून यायचंय.

माझ्या मते शाळेचं ख्रिस्तीपण सकाळच्या उपासनेपेक्षा थकबाकीच्या यादीपाशी जास्त कळतं. आमच्याकडे एके काळी ती यादी सूचनाफलकावर लागायची. एक दिवस मुख्याध्यापिकाबाईंनी ती काढली, घडी घातली आणि टेबलाच्या खणात टाकली. वर टाचण्या तशाच राहिल्या, चार कोपऱ्यांत चार. त्या वर्षी दहावीतल्या एका मुलाची उरलेली फी आम्ही माफ केली. ठराव एकमतानं झाला, सगळ्यांना बरं वाटलं, मलाही. घरी येऊन मी ती रक्कम वहीत मांडायला घेतली आणि पेन थांबलं. ही कुणी माफ केली? समितीतल्या कुणाच्या खिशातून काही गेलं नव्हतं. चर्चनं वेगळी तरतूद केलेली नव्हती. वर्षाअखेर तूट आली आणि ती भरून काढायला, नेहमीप्रमाणे, शिक्षकांची पगारवाढ पुढे ढकलली. म्हणजे त्या मुलाची फी इतिहासाच्या सरांनी भरली होती, रसायनाच्या बाईंनी भरली होती, शिपायांनी भरली होती. त्यांना न विचारता. आणि ठरावात आभार मात्र समितीनं स्वतःचे मानले होते.

या वर्षीच्या अंदाजपत्रकात म्हणून मी एक आगाऊपणा केला. खर्चाच्या बाजूला प्रत्येकाचा पगार आम्ही देतो तो लिहिला नाही. तेवढ्याच शिक्षणाच्या, तेवढ्याच अनुभवाच्या माणसाला आजूबाजूच्या शाळेत जो मिळाला असता तो लिहिला. आणि दोहोंतली तफावत जमेच्या बाजूला मांडली, 'कर्मचाऱ्यांकडून देणगी' अशा नावानं. बेरीज दोन्हीकडे जुळली. आमच्या सगळ्या देणगीदारांची एकूण रक्कम त्या एका ओळीच्या निम्मीही नव्हती.

सभेत बराच वेळ कुणी बोललं नाही. एकानं विचारलं, हे नियमात बसतं का. मी म्हटलं, ताळेबंदात बसत नाही, म्हणून वेगळा कागद जोडलाय. दुसरे म्हणाले, यानं शिक्षक अजून नाराज होतील. त्यावर मुख्याध्यापिकाबाई इतकंच म्हणाल्या, "त्यांना ही रक्कम आपल्या आधीपासून पाठ आहे." मग छपराचा विषय निघाला. पण या खेपेला पाळकसाहेबांनी तो मागे ठेवला आणि वाचनालयाच्या दुसऱ्या मजल्यासाठी कबूल झालेली देणगी पगाराकडे वळवता येईल का, ते देणगीदाराला विचारायचं काम स्वतःकडे घेतलं. तो माणूस काय म्हणेल, सांगता येत नाही.

सभा संपल्यावर कार्यालयात कागद आवरत होतो. आमचे लेखनिक पावतीपुस्तक घेऊन शेजारी येऊन उभे राहिले. शाळेत येणाऱ्या प्रत्येक देणगीची पावती तेच फाडतात, गेली वीसेक वर्षं. त्यांनी जोडलेला कागद दोनदा वाचला.

"साहेब, देणगी म्हणून जमा दाखवलीत, तर पावत्या फाडाव्या लागतील."

"फाडा."

"कुणाच्या नावानं?"

मी हजेरीपत्रक त्यांच्याकडे सरकवलं. त्यांनी कार्बन नीट लावला, पहिलं नाव लिहिलं, रकमेचा रकाना भरला, पान उलटलं. असं चार-पाच नावं झाली. मग बोट यादीवरून हळूहळू खाली नेत ते शेवटाजवळ थांबले आणि माझ्याकडे न बघता म्हणाले,

"यात माझंही नाव येतंय. ही तुम्ही लिहा."